गॅस गेला की गाडी कडक का होते?

टायरमधली हवा गेली की टायर मऊ पडतो, हे शेंबडं पोरही सांगेल. काही जुन्या गाड्यांच्या सस्पेन्शनमध्ये मात्र नेमकं उलटं घडतं. आतला गॅस जितका कमी, तितकी गाडी कडक. अशी गाडी साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे निघाली, तर वाटेतला एकेक खड्डा थेट मणक्याला कळतो. मालक बिचारा शॉकॲब्सॉर्बर बदलत बसतो आणि फरक काही पडत नाही.

उदाहरणाला एमजीएफ घेऊ. १९९५ साली ब्रिटनमध्ये आलेली ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार. हिला ना पाटे, ना कॉइल स्प्रिंग. प्रत्येक चाकापाशी एक बंद धातूचं भांडं असतं, त्याला डिस्प्लेसर म्हणतात. त्यात वर नायट्रोजन, खाली पाणी आणि अल्कोहोलचं मिश्रण, मधे रबरी पडदा. चाक उचललं गेलं की द्रव पडद्यावर रेटतो आणि गॅस दबतो. द्रव स्वतः दबत नाही, तो फक्त जोर पोहोचवतो. स्प्रिंगचं काम गॅस करतो. या रचनेचं नाव हायड्रागॅस, आणि ती ॲलेक्स मोल्टन या इंग्रज अभियंत्याची. १९७३ च्या ऑस्टिन अलेग्रोत ती पहिल्यांदा आली. फ्रान्समध्ये सित्रोएनच्या पॉल माजेस यांनी त्याच्या कितीतरी आधी द्रव आणि गॅसची जोडी जमवली होती आणि १९५५ च्या डीएस गाडीने ती जगाला दाखवली. पण सित्रोएनमध्ये इंजिनावर चालणारा पंप गाडीची उंची आपोआप सांभाळतो. एमजीएफमध्ये पंप नाही. भरलं तेवढंच आयुष्यभर.

मोल्टन यांची खरी करामत वेगळीच आहे. एका बाजूचं पुढचं आणि मागचं डिस्प्लेसर नळीने जोडलेलं असतं. पुढचं चाक स्पीडब्रेकरवर चढलं की थोडा द्रव मागे सरकतो आणि गाडीची मागची बाजूही किंचित उचलली जाते. म्हणून गाडी नाक वर करून डुलत नाही, बऱ्यापैकी सपाट राहते. इतक्या आखूड गाडीत हे सुख साध्या स्प्रिंगला सहज जमत नाही.

आता त्या उलट्या वाटणाऱ्या गोष्टीकडे येऊ. सायकलचा पंप घ्या, दांडा पूर्ण वर ओढा आणि तोंड अंगठ्याने घट्ट दाबून धरा. दांडा खाली ढकलताना सुरुवातीला सहज जातो, आणि तळाशी वीतभरही जागा उरली नसली की दगडासारखा अडतो. लांब गॅसस्तंभ मऊ, आखूड गॅसस्तंभ कडक.

गाडीत हेच होतं, फक्त एक बारकावा आहे. उभ्या गाडीत गॅसचा दाब किती असायचा हे गाडीचं वजन ठरवतं. वजन तेच, म्हणून दाबही तोच. गॅस झिरपून निम्मा राहिला, तरी उरलेला गॅस त्याच दाबाने गाडी तोलतो. फक्त त्याची जागा निम्मी होते. निम्म्या जागेतला गॅस दुप्पट ताठ स्प्रिंग बनतो. कंपनसंख्या ताठरपणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, म्हणजे सेकंदाला १.२ हेलकावे खाणारी गाडी १.७ वर जाते. आकडा किरकोळ वाटेल. पण शरीराला आरामाचा वाटणारा पट्टा साधारण १ ते १.५ चा, आणि उभ्या हादऱ्यांचा सर्वांत जास्त त्रास ४ ते ८ च्या दरम्यान होतो. आपण त्या दिशेने सरकतो.

गॅस जातो कुठे? रबर आपल्याला घट्ट वाटतं, पण नायट्रोजनचे रेणू वर्षानुवर्षं त्यातून पाझरत राहतात. कुठे भोक नसतं, ओल दिसत नाही. गाडी हळूहळू खाली बसते एवढंच.

आणि इथेच नेहमीचा घोटाळा होतो. गाडी बसली म्हणून मेस्त्री व्हॉल्व्हमधून द्रव भरतो. उंची परत येते; चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत ३६८ मिलिमीटरच्या आसपास हवी, तेवढी मिळतेही. गाडी दिसते छान. पण गेलेल्या गॅसची जागा आता द्रवाने घेतली आहे, आणि दबायला गॅस होता तेवढाच आहे. उंची द्रवाची, मऊपणा गॅसचा. एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही.

खरा उपाय म्हणजे डिस्प्लेसर काढून, त्यावर व्हॉल्व्ह बसवून नायट्रोजन पुन्हा भरणं. हे घरी करायचं काम नव्हे, कारण आतला दाब जीवघेणा असतो. मात्र लागणारी सामग्री आपल्याकडे अनोळखी नाही. कराड, साताऱ्याकडे खडक फोडणारे ब्रेकर चालतात, त्यांतही नायट्रोजनचा कप्पा असतो आणि तो भरणारे कारागीर सिलिंडर, रेग्युलेटर घेऊन फिरतात. अशा हाताला काम समजावणं सोपं जातं. साधी हवा भरू नये, तिच्यातला ऑक्सिजन आणि ओल रबराला खातात. शुद्ध ऑक्सिजनचा तर विचारही नको. काही जण वैतागून कॉइल स्प्रिंग बसवतात. २००२ मध्ये एमजीएफची पुढची आवृत्ती टीएफ आली तीही कॉइलवरच होती. माझ्या मते हा सौदा तोट्याचा, कारण पुढच्या-मागच्या चाकांचं ते नातं त्यात तुटतं.

गॅसवर खर्च करण्याआधी स्वस्त गोष्टी बघाव्यात: टायर म्हातारे होऊन टणक झालेत का, बुश फाटलेत का, डिस्प्लेसरखालच्या सांध्याला ग्रीस आहे का. तो सांधा कोरडा पडला की कुरकुरतो आणि गाडी उगाच अडखळते.

उंची मोजताना हवामानही लक्षात घ्यावं. महाबळेश्वरच्या १० अंशांच्या पहाटेपासून सांगलीच्या ४० अंशांच्या दुपारपर्यंत तोच गॅस सुमारे १० टक्के फुगतो आणि गाडी थोडी वर उठते. म्हणून सकाळी मोजलं तर पुढच्या वेळीही सकाळीच मोजावं. आधी गॅस, मग द्रव भरून उंची, आणि चाकांचं अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात, त्यामुळे ते आधी केलं तर पैसे पुन्हा मोजावे लागतात.