घुमटाला बांबू का लागले?

यंदा ठाण्यात आमच्या घराजवळच्या गणेशोत्सव मंडळाने प्लायवूडच्या षटकोनी तुकड्यांचा घुमट उभारून बाहेर ‘एआयने बांधलेला मंडप’ असा फलक लावला होता. आत मात्र घुमट चार बांबूंवर टेकला होता. षटकोनात सकारात्मक ऊर्जा साठते, असेही तेथे सांगितले जात होते, पण ती कोणत्या एककात मोजायची, हे कोणी सांगितले नाही.

षटकोनांचा खरा गुण असा की त्यांच्या जाळीत प्रत्येक बिंदूपाशी तीनच तुकडे एकत्र येतात. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे तीन त्रिकोण कापून, टोके एकत्र आणून, लागून असलेल्या कडा चिकटपट्टीने जोडाव्यात. तयार होणारी टोपी दाबली तरी आकार सोडत नाही. चार त्रिकोणांची टोपी मात्र चोचीसारखी उघडझाप करते. काठ्यांचा त्रिकोण ताठ राहतो आणि चौकोन कलतो, हा शाळेतला धडाच येथे कोनांना लागू होतो: शिरोबिंदूपाशी तीन कोन ठरले की तुकड्यांमधले कलही ठरतात, चौथा तुकडा आला की एक कल मोकळा राहतो. म्हणूनच तिघांच्या सांध्याने वाकण्याला विरोध केला नाही तरी चालते. त्याने फक्त दाब, ताण आणि कडेने होणारे सरकणे रोखायचे असते.

सॅण्ड डॉलर या चकतीसारख्या सागरी जीवाच्या कवचात हीच रचना आहे. तिच्यावरून जर्मनीतील स्टुटगार्ट विद्यापीठात २०११ मध्ये अवघ्या ६.५ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा मंडप उभारला गेला. त्याचे ८५० हून अधिक तुकडे एकमेकांपासून वेगळे होते आणि कडांवर एकमेकांत गुंतणारे एक लाखाहून अधिक दाते होते. हे काम सुताराच्या हाताबाहेरचे असल्याने कापणी यंत्रमानवाने केली.

आमच्या मंडळाचे तुकडे वागळे इस्टेटमध्ये सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या सूचनांनुसार कापणाऱ्या यंत्रावर, कापले गेले. त्याचे ६ मिलिमीटर व्यासाचे बिट, म्हणजे फिरत कापणारे टोक, गोल असल्याने खाचेच्या आतल्या कोपऱ्यात ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई उरते आणि चौकोनी दाता तेथे अडतो. बिट कोपऱ्यात किंचित पुढे नेऊन जागा मोकळी करावी लागते. येथे ते राहून गेले होते. ठोकून बसवलेले दाते पुरते आत गेले नाहीत, सांधे सरकू लागले आणि आरासीच्या आदल्या रात्री बांबू मागवावे लागले.