न दिलेल्या धावांचा हिशेब

डिसेंबर २००७ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोज या अमेरिकी बेसबॉल संघाने आपला शॉर्टस्टॉप (एका ठरावीक जागेवरचा क्षेत्ररक्षक) ॲडम एव्हरेट याला पुढच्या हंगामाचा करार देऊ केला नाही. ठरावीक मुदतीत करार आला नाही की तिथे खेळाडू आपोआप मोकळा होतो. एव्हरेट तीस वर्षांचा होता. सिडनी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या अमेरिकी संघात तो होता, आणि २००५ मध्ये ॲस्ट्रोज पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे हंगामाच्या अंतिम लढतीपर्यंत, पोचले तेव्हा शॉर्टस्टॉपची जागा त्याचीच होती. त्याच्या जागी संघाने बाल्टिमोरकडून मिगेल तेहादाला आणले आणि बदल्यात पाच खेळाडू दिले. तेहादा २००२ मध्ये अमेरिकन लीगचा (तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी एक) सर्वोत्तम खेळाडू ठरलेला जबरदस्त बॅटर. एव्हरेटची २००६ मधली सरासरी, म्हणजे संधींमागे हिटचे (सुखरूप बेस गाठून देणाऱ्या फटक्यांचे) प्रमाण, होती ०.२३९, होम रन फक्त सहा.

एवढेच आकडे समोर ठेवले तर निर्णयात चूक काढायला जागा नाही. पण २००६ मध्येच क्षेत्ररक्षणासाठीचे फील्डिंग बायबल पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा शॉर्टस्टॉपचा पुरस्कार एव्हरेटला मिळाला होता. तो त्या काळातला बहुधा सर्वोत्तम क्षेत्ररक्षक शॉर्टस्टॉप होता. प्रतिस्पर्ध्याला न मिळालेल्या धावा धावफलकावर दिसत नाहीत, त्यामुळे त्या मोजायच्या कशा हा प्रश्न बेसबॉलला शंभरेक वर्षे पडलेला होता. त्याचे उत्तर याच काळात हाती येऊ लागले होते.

शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहतो. बहुतेक बॅटर उजव्या हाताने खेळतात आणि त्यांचे जमिनीलगतचे फटके जास्त करून याच बाजूला जातात. नियमित शॉर्टस्टॉप १६२ सामन्यांच्या हंगामात चारशेहून अधिक वेळा चेंडू अडवून, फेकून कोणाला तरी बाद करण्यात हातभार लावतो. बॅटरला फटका मारल्यावर पहिल्या बेसपर्यंत २७.४ मीटर धावायचे असते आणि त्याला साधारण ४.३ ते ४.५ सेकंद लागतात. शॉर्टस्टॉपचे सगळे काम या सव्वाचार सेकंदांत उरकायला हवे.

त्या सव्वाचार सेकंदांची फोड करून पाहू. आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण बरोबर आहे. जोरदार फटका जमिनीवर टप्पे खात शॉर्टस्टॉपपर्यंत यायला दीड ते पावणेदोन सेकंद लागतात. चेंडू ग्लव्हमधून उजव्या हातात घेऊन, पाय रोवून फेकायला आणखी सेकंदभर. तिथून पहिला बेस सुमारे ३८ मीटर; ताशी १३५ किलोमीटर वेगाने फेकलेला चेंडू ते अंतर सेकंदाहून थोड्या जास्त वेळात कापतो. बेरीज पावणेचारच्या आसपास जाते. हातात उरतो तो अर्धा सेकंद. बाजूला पळावे लागले, चेंडू वेडावाकडा उसळला किंवा बॅटर चपळ निघाला, तर सगळे त्या अर्ध्या सेकंदातूनच भागवावे लागते.

समजा शॉर्टस्टॉप दोन मीटर मागे सरकून उभा राहिला. चेंडू सेकंदाला २५ मीटर वेगाने येत असेल तर त्याला ०.०८ सेकंद जास्त मिळतात आणि तेवढ्यात तो दोन्ही बाजूंना जवळजवळ अर्धा मीटर जास्त जागा झाकू शकतो. याची किंमत मात्र चुकवावी लागते. चेंडू हातात उशिरा येतो, फेकही लांबते. दोन्ही मिळून ०.१३ सेकंद जातात आणि तेवढ्यात धावणारा बॅटर मीटरभर पुढे सरकतो. म्हणून मागे उभे राहणे फक्त दमदार हाताच्या खेळाडूला परवडते. हाताची ताकद ठरवते की तो किती खोल उभा राहील, आणि खोली ठरवते की तो किती रुंद जागा सांभाळेल. प्रेक्षकाला त्याची चपळाई दिसते, पण त्या चपळाईत खांद्याचा वाटा मोठा असतो. फेकीचा वेग ताशी नऊ किलोमीटरने कमी झाला तर त्याला मीटरभर पुढे यावे लागते आणि दोन्ही बाजूंची वीत-वीत जागा उघडी पडते. हंगामभरात त्या वीतभर जागेतून बरेच चेंडू निसटतात.

जुन्या आकडेवारीला हे अजिबात पकडता येत नव्हते. तिचा भर होता चुकांवर: हातात आलेला चेंडू सुटला किंवा फेक भलतीकडे गेली की खेळाडूच्या नावावर चूक लिहायची. पण ज्या चेंडूपर्यंत खेळाडू पोचलाच नाही, तो चेंडू कोणाचीही चूक ठरत नाही. तो बॅटरचा हिट होतो. म्हणजे मंद पायांचा, कमी जागा झाकणारा खेळाडू कागदावर नीटनेटका दिसतो आणि जिवाच्या आकांताने झेपावून चेंडूला कसाबसा ग्लव्ह लावणाऱ्याच्या माथी चूक येते. क्षेत्ररक्षणासाठीचा गोल्ड ग्लव्ह तेव्हा प्रशिक्षक आणि व्यवस्थापकांच्या मतांवर ठरायचा. न्यूयॉर्क यांकीजच्या डेरेक जीटरला तो २००४, २००५ आणि २००६ असा सलग तीन वर्षे मिळाला. २००६ मध्ये एव्हरेटच्या लीगमध्ये, म्हणजे दुसऱ्या, नॅशनल लीगमध्ये, तो मिळाला हंगामभरात फक्त चार चुका करणाऱ्या ओमार व्हिस्केलला. एव्हरेटला तो कधीच मिळाला नाही, आणि हा मला त्या पुरस्काराच्या इतिहासातला मोठा अन्याय वाटतो.

आकडेतज्ज्ञ जॉन ड्यूअन यांनी क्षेत्ररक्षण मोजण्याची नवी पद्धत काढली. प्रत्येक सामन्याच्या चित्रफिती पाहून माणसे नोंद करत: चेंडू कोणत्या दिशेने, किती जोरात, कशा प्रकारे गेला. मग त्याच तऱ्हेच्या चेंडूंवर इतर शॉर्टस्टॉप किती वेळा बाद करतात ते पाहायचे. समजा एखादा चेंडू शंभरातले २६ वेळाच बाद होतो. तो ज्याने बाद केला त्याला ०.७४ गुण द्यायचे, ज्याला जमला नाही त्याचे ०.२६ कापायचे. सोपा चेंडू अडवून फारसे काही मिळत नाही, सोडला तर मोठा फटका बसतो. वर्षभराची बेरीज केली की खेळाडूने सरासरी शॉर्टस्टॉपपेक्षा किती जास्त बळी मिळवले ते कळते. आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांनी २००६ मध्ये जीटर आणि एव्हरेट यांची समोरासमोर तुलना केली. जीटर खरोखर इतका मागे असेल यावर त्यांचा सहज विश्वास बसत नव्हता, म्हणून त्यांनी दोघांच्या चित्रफिती पाहिल्या आणि वेगवेगळ्या मार्गांनी आकडे तपासले. दर वेळी निष्कर्ष एकाच बाजूला झुकला. एव्हरेट यादीच्या वरच्या टोकाला होता आणि लाडका जीटर खालच्या.

या बळींची धावांत किंमत काढता येते. हजारो सामन्यांच्या नोंदींवरून दिसते की एक हिट दिला की संघाचे नुकसान साधारण अर्ध्या धावेचे आणि बाद केले की फायदा सुमारे पाव धावेचा. हिटचे बळीत रूपांतर केले की पाऊण धाव वाचते. वर्षात असे तीस बळी जास्त मिळवणारा शॉर्टस्टॉप २२ धावा वाचवतो, आणि ढोबळमानाने दहा धावा म्हणजे एक विजय. आता बॅटकडे वळू. पाचशे संधींत ०.२३९ सरासरीचा खेळाडू १२० हिट मारतो, ०.२७० वाला १३५. फरक पंधरा हिटचा. होम रनची ताकद यात धरलेली नाही आणि ती धरली तर तेहादाचे पारडे आणखी जड होते, हे मान्यच आहे. तरीही बॅटने गमावलेल्या पंधरा हिटची ओरड वर्षभर होते आणि ग्लव्हने हिसकावलेले तीस हिट कोणाच्या लक्षातही येत नाहीत. आपल्याकडे एकनाथ सोलकरांचे २७ कसोटींतले ५३ झेल अजूनही सांगितले जातात, कारण झेल नोंदवहीत उतरतो. एव्हरेटच्या कामाची अशी नोंदच नव्हती.

मग ॲस्ट्रोजचे चुकले का? २००७ मध्ये ७३ सामने जिंकलेल्या संघाने २००८ मध्ये ८६ जिंकले. एका खेळाडूच्या बदलाने तेरा विजय वाढत नाहीत, त्यामुळे यावरून तेहादाला श्रेय देता येत नाही आणि एव्हरेटची बाजूही लढवता येत नाही. जून २००७ मध्ये एक उंच उडालेला चेंडू झेलताना एव्हरेटची सहकारी कार्लोस ली याच्याशी टक्कर झाली आणि त्याच्या पायाचे हाड मोडले. ज्याची सगळी किंमत पायांत आणि हातात आहे, अशा तिशीतल्या खेळाडूबाबत संघाला धास्ती वाटणे मला समजते. पळण्याचा वेग विशी ओलांडताना शिखरावर असतो आणि पंचविशीनंतर हळूहळू उतरतो. बॅटर अनुभवाच्या जोरावर, पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) चाली ओळखून आणखी काही वर्षे टिकतो. क्षेत्ररक्षकाला तेवढी सवलत मिळत नाही. तेहादाच्या बाबतीत तर वयाचाच घोटाळा निघाला. त्याला घेतल्यानंतर काही महिन्यांतच, एप्रिल २००८ मध्ये, तो सांगितल्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा असल्याचे उघड झाले. एकतीस समजून घेतलेला खेळाडू तेहतीसचा होता.

एव्हरेट मिनेसोटात गेला. तिथे खांद्याने दगा दिला आणि त्याला पन्नासही सामने खेळता आले नाहीत. पुढे डेट्रॉईट, मग क्लीव्हलँड, आणि २०११ मध्ये कारकीर्द संपली.

आज मोजणी कितीतरी पुढे गेली आहे. २०१५ पासून सगळ्या मोठ्या मैदानांवर स्टॅटकास्ट ही यंत्रणा आहे. आता कॅमेरे चेंडू आणि प्रत्येक खेळाडूची जागा सतत टिपतात. शॉर्टस्टॉप चेंडूपर्यंत जायला किती अंतर धावला, त्याला किती वेळ मिळाला, तिथून बेस किती दूर होता आणि धावणारा बॅटर किती वेगवान आहे, या चार गोष्टींवरून प्रत्येक चेंडूची अवघडता काढली जाते. ड्यूअन यांच्या काळात क्षेत्ररक्षक नेमका कुठून निघाला हे धूसर होते. आता ते सेंटिमीटरमध्ये कळते. २०१३ पासून गोल्ड ग्लव्हच्या निकालातही सुमारे एक चतुर्थांश वजन आकड्यांना आहे.

पण या अचूकतेने निरोप टळत नाहीत. ॲरिझोना डायमंडबॅक्सचा निक अहमद २०१८ आणि २०१९ असा दोनदा गोल्ड ग्लव्ह जिंकलेला शॉर्टस्टॉप, बॅटने बेताचाच. २०२२ मध्ये त्याच्या फेकीच्या हाताच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. २०२३ मध्ये सरासरी ०.२१२ वर आली, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, जवळजवळ दहा हंगाम खेळून झाल्यावर, संघाने त्याला मोकळे करून तरुण जॉर्डन लॉलरला बोलावले. पुढच्याच महिन्यात डायमंडबॅक्स वर्ल्ड सिरीजमध्ये पोचले. तोवर शॉर्टस्टॉपला नियमितपणे हेराल्डो पेर्दोमो खेळत होता. त्याच्या नावावर गोल्ड ग्लव्ह नव्हता, पण त्याचा खांदा तेवीस वर्षांचा होता.