फौजी गड्याला लकवा होत नाही?

"आयुष्यभर पळालेलं शरीर आहे, आम्हाला कसला लकवा?" सातारा भागात निवृत्त जवानांच्या तोंडी हे हमखास ऐकू येतं. हा समज साफ खोटा आहे. पळणं थांबलं की त्याची पुण्याई फार दिवस पुरत नाही. तंबाखू, कॅन्टीनची रम आणि वाढलेलं बीपी मात्र मुक्काम ठोकतात.

बीपी दुखत नाही, म्हणूनच घात करतं. आमच्या अण्णांचं १७०/१०० भरलं, त्याच्या पाच मिनिटं आधी ते अंगणात लाकडं फोडत होते. दंडावरचा पट्टा काढत म्हणाले, "मशीन बिघडलंय." मशीन ठीक होतं. आता ते ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून महिन्याच्या गोळ्या आणतात. आकडा उतरला तो गोळीमुळे, म्हणून ती मनाने बंद करायची नाही.

तोंड वाकडं झालं, हात उचलेना, जीभ जड झाली, तर कबुतराचं रक्त चोळत बसू नका, १०८ ला फोन करा. सीटी स्कॅनची सोय असलेलंच रुग्णालय गाठा; मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. अशा वेळी ईसीएचएसच्या यादीबाहेरचं रुग्णालयही चालतं, पॉलिक्लिनिकला लगेच कळवा. लक्षणं दहा मिनिटांत ओसरली तरी जाच.