पुण्यातील पदपथ, सायकल मार्ग आणि बसथांब्यांसाठी नागरिकांची सूचना : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

पुणे महानगरपालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी आपल्या प्रभागातील छोटी कामे स्वतः सुचवावीत, ही 'सहभागी अंदाजपत्रक' नावाची पद्धत २००६-०७ पासून चालत आली आहे. पदपथाची दुरुस्ती, सायकल मार्ग, बसथांबा, रस्त्यावरील दिवे, झेब्रा पट्टे अशी रोज पायी, सायकलने किंवा बसने जाणाऱ्यांच्या उपयोगाची कामे त्यात सुचवता येतात. तरीही अनेकांना ही पद्धत ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांच्यापैकी पुष्कळांचे अर्ज एका साध्या कारणाने मागे पडतात : काम नेमके कोठे आणि किती, हे अर्जावरून कळत नाही. म्हणून या लेखात अर्जाची रीत सांगतानाच सूचना कशी लिहावी याकडे अधिक लक्ष दिले आहे.

सूचना कोणी करावी, हा पहिला प्रश्न. महापालिका हद्दीत राहणाऱ्या नागरिकाने आपल्या प्रभागातील कामासाठी ही सूचना करावी, अशी अपेक्षा असते. त्यासाठी घर स्वतःच्या मालकीचे असावे लागते, असा एक गैरसमज आहे. भाडेकरूही त्याच पदपथावरून चालतो आणि त्याच थांब्यावर बसची वाट पाहतो, तेव्हा त्याने मागे राहण्याचे कारण नाही. गृहनिर्माण संस्था, मोहल्ला समिती किंवा ज्येष्ठ नागरिक संघ यांनी एकत्र येऊन काम ठरवावे आणि अर्ज मात्र एका जबाबदार व्यक्तीच्या नावे, पूर्ण पत्ता व संपर्क क्रमांकासह करावा, हे उत्तम. पुढे अभियंता जागा पाहायला आला तर त्याला दाखवायला कोणीतरी लागते.

कामाची पात्रता अधिक काटेकोर आहे. सहभागी अंदाजपत्रकात एका कामाचा खर्च पाच लाख रुपयांच्या आत असावा, अशी मर्यादा ठेवलेली आहे, आणि प्रत्येक प्रभागासाठी एकूण रकमेचीही मर्यादा असते. ही एकूण रक्कम आणि अर्जाची अखेरची तारीख त्या त्या वर्षीच्या जाहीर निवेदनात पाहावी. पाच लाखांत अख्खा रस्ता नव्याने होत नाही, हे मनाशी पक्के धरले म्हणजे सूचना आपोआप नेमकी होते. बसथांब्याकडे जाणारा पदपथाचा तुटलेला तुकडा, चौकाच्या कोपऱ्यांवर चाकाच्या खुर्चीसाठी उतार, पदपथाच्या पातळीपेक्षा वर आलेली चेंबरची झाकणे, शाळेसमोरचे पुसले गेलेले पट्टे, अंधाऱ्या वळणावरचा दिवा, ही या मर्यादेत बसण्याजोगी कामे होत. उड्डाणपूल, रस्ता रुंदीकरण किंवा नवा बसमार्ग या अर्जात मागून उपयोग नाही, कारण त्यांचे रस्ते वेगळे आहेत आणि त्यांच्याविषयी पुढे लिहिले आहे. खाजगी सोसायटीच्या आवारातील कामही येथे बसत नाही. जागा सार्वजनिक आणि महापालिकेच्या ताब्यातील असावी लागते.

अर्जाचा नमुना क्षेत्रीय कार्यालयात आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर मिळतो. शहरात अशी १५ क्षेत्रीय कार्यालये आहेत, आणि आपला प्रभाग कोणत्या कार्यालयाखाली येतो याची खात्री अर्ज भरण्यापूर्वीच करून घ्यावी, कारण प्रभागरचना बदलली की सीमेवरच्या गल्ल्या इकडून तिकडे जातात. सूचना मागवण्याचे निवेदन बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघते आणि मुदत काही आठवड्यांचीच असते. आयुक्तांचे अंदाजपत्रक नव्या वर्षाच्या सुरुवातीला स्थायी समितीपुढे जाते आणि आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. मार्चमध्ये जागे होऊन दिलेला अर्ज त्या वर्षासाठी वाया गेल्यातच जमा असतो. माझा सल्ला असा की, जुलैच्या पावसात जेथे पाणी साचते, पेव्हर ब्लॉक डगमगतात आणि माणसे पदपथ सोडून रस्त्यावर उतरतात, त्या जागेची छायाचित्रे तेव्हाच काढून ठेवावीत. निवेदन निघेपर्यंत ऊन पडलेले असते आणि तीच जागा निर्दोष दिसू लागते.

नमुन्यात अर्जदाराचे नाव व पत्ता, प्रभाग, कामाचा प्रकार, कामाचे ठिकाण आणि समस्येचे वर्णन विचारलेले असते. सोबत नमुन्यात जी कागदपत्रे मागितली असतील ती जोडावीतच. मात्र न मागताही जोडावीत अशा तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे जागेची दोन-तीन छायाचित्रे, ज्यांत एखादी ओळखीची खूण, दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा क्रमांक दिसतो. दुसरी, हाताने काढलेला साधा नकाशा, ज्यावर काम कोठून कोठपर्यंत हवे ते दाखवलेले आहे. तिसरी, त्या वाटेने रोज जाणाऱ्यांच्या सह्या, आणि त्यांत शक्य तर ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग व्यक्ती आणि शाळकरी मुलांचे पालक असावेत. या सह्यांनी कायद्याने काही बंधन येत नाही, पण दोन कामांतून एक निवडण्याची वेळ येते तेव्हा त्यांचे वजन पडते.

आता मोजमापाविषयी थोडे सविस्तर. काही वर्षांपूर्वी मी पहिला अर्ज केला तेव्हा 'आमच्या रस्त्याचा पदपथ सुधारावा' एवढेच लिहिले होते आणि त्याचे पुढे काहीही झाले नाही. पुढच्या वर्षी शेजारच्या आजींबरोबर सकाळी नऊ वाजता टेप घेऊन बाहेर पडलो. पदपथाची रुंदी २१० सेंटिमीटर भरली, म्हणजे कागदावर उत्तमच. पण कोपऱ्यावर विजेचा फीडर पिलर, म्हणजे वीजजोडण्यांची उभी पेटी, आणि त्याला लागून झाडाचे आळे होते, आणि त्या दोहोंच्या पलीकडे चालायला ६५ सेंटिमीटर जागा उरत होती. आजींचा वॉकर त्यातून आडवा करूनच जाई, आणि वॉकर आडवा झाला की त्यांना आधार राहत नसे, म्हणून त्या तेथे रस्त्यावर उतरत. उतरण्याची पायरी २३ सेंटिमीटर उंच होती. हे तिन्ही आकडे आणि तेवढाच प्रसंग चार ओळींत लिहून दिला, तेव्हा कनिष्ठ अभियंता दोन आठवड्यांत जागेवर आला. त्यानेही आधी टेपच काढली.

आकडे लिहायचे ते कशाशी ताडून पाहण्यासाठी, हेही सांगायला हवे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शक तत्त्वांच्या २०१२ च्या आवृत्तीत चालण्यासाठी मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, डोक्यावर मोकळी उंची २.२ मीटर आणि पदपथाची रस्त्यापासूनची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर सांगितली आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा असावे लागते, म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १८० सेंटिमीटर लांबी. महापालिकेने स्वतः २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि शहरी रस्ता रचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये सर्वसाधारण सभेने सायकल आराखड्याला मंजुरी दिली. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने अडथळाविरहित पदपथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. अर्जात हे सगळे उद्धृत करण्याची गरज नाही. आपण मोजलेला आकडा आणि त्यापुढे नियमाचा आकडा, एवढे शेजारी शेजारी मांडले तरी वाचणाऱ्या अभियंत्याला पुरते.

अर्ज समक्ष दिल्यास दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोहोच घ्यावी. ऑनलाइन भरल्यास आलेला क्रमांक जपून ठेवावा. त्यानंतर क्षेत्रीय कार्यालयातील अभियंते जागेची पाहणी करून काम शक्य आहे का ते तपासतात आणि खर्चाचे पूर्वगणनपत्रक, म्हणजे अंदाजी हिशेब, करतात. मग यादी प्रभाग समितीपुढे जाते, आणि तेथे मान्य झालेली कामे मुख्य अंदाजपत्रकात समाविष्ट होतात. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर बराच काळ कारभार प्रशासकाकडे होता. लोकनियुक्त सभागृह असते तेव्हा आपल्या प्रभागातील नगरसेवकांना अर्जाची प्रत देणे उपयोगाचे ठरते, कारण प्रभाग समितीच्या बैठकीत ते बसतात. या बैठकीची तारीख विचारून घ्यावी.

अनेक चांगल्या सूचना चुकीच्या दारात अडकतात, म्हणून कोणते काम कोणाचे हेही ध्यानात घ्यावे. पदपथ, रस्ता व सायकल मार्ग यांचे काम पथ विभागाकडे, दिवे विद्युत विभागाकडे, चेंबर मलनिस्सारण विभागाकडे आणि पदपथ अडवणाऱ्या टपऱ्या अतिक्रमण विभागाकडे जातात. फीडर पिलर वीज कंपनीचा असतो आणि महापालिका तो स्वतःहून हलवत नाही. वर सांगितलेल्या आमच्या कामात शेवटी पिलर जागेवरच राहिला आणि झाडाचे आळे पदपथाच्या पातळीला आणून त्यावर जाळी बसवली गेली. बसची वारंवारता, मार्ग आणि थांब्याची जागा यांसाठी २००७ मध्ये स्थापन झालेल्या पीएमपीएमएलकडे, म्हणजे शहराची बससेवा चालवणाऱ्या महामंडळाकडे, लिहावे लागते. थांब्यावरचा निवारा आणि त्याच्यासमोरचा पदपथ ही मात्र वेगवेगळी कामे ठरू शकतात, तेव्हा एकाच अर्जात दोन्ही कोंबू नयेत.

एकेरी वाहतूक, वाहने उभी करण्यास मनाई, जड वाहनांना बंदी अशा बदलांचा अधिकार पोलीस उपायुक्त, वाहतूक शाखा यांच्याकडे आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११५, ११६ व ११७ खाली ते प्रथम तात्पुरता आदेश काढतात आणि त्याच आदेशात नागरिकांनी अमुक तारखेपर्यंत येरवड्यातील कार्यालयात लेखी हरकती व सूचना द्याव्यात, असे आवाहन असते. अत्यावश्यक सेवेची वाहने वगळून अंतिम आदेश निघतो तो या सूचनांचा विचार केल्यानंतर. वर्तमानपत्रात चार ओळींत येणारी ही बातमी वाचून सोडून देऊ नये. आपल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना उभ्या राहणाऱ्या गाड्यांमुळे बस वळत नसेल तर हीच सांगण्याची वेळ असते, आणि 'बदल चांगला आहे, कायम ठेवावा' हेही लिहून द्यावे. पाठिंब्याची पत्रे कमी येतात आणि हरकतींची जास्त, त्यामुळे पायी चालणाऱ्यांच्या सोयीचे निर्णय मागे घेतले जाऊ शकतात, असे मला वाटते.

रस्त्याची रुंदीच बदलणार असेल तर बाब अधिक गंभीर होते. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २६ खाली हरकती व सूचनांसाठी ३० दिवसांची मुदत मिळते, आणि हरकत घेणाऱ्याला नियोजन समितीपुढे सुनावणी मिळते. मंजूर आराखड्यात नंतर किरकोळ फेरबदल करायचा असेल तर कलम ३७ खाली नोटीस निघते. याखेरीज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा, म्हणजे रस्त्याची हद्द, ठरवली जाते. २०२० मध्ये पुण्यातील सहा मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव याच कलमाखाली आला होता. अशा हरकतीत सर्वे क्रमांक किंवा सिटी सर्वे क्रमांक, आराखड्याच्या नकाशावरील जागा, हरकतीचे कारण आणि पर्यायी सूचना असावी. जागेचे मालक असल्यास मालमत्ता पत्रक किंवा सातबारा उतारा जोडावा. मालक नसलेल्या नागरिकालाही हरकत घेता येते. मुदतीनंतर आलेली हरकत विचारात घेण्याचे बंधन राहत नाही, आणि सुनावणीला गैरहजर राहिल्यास आपला मुद्दा कागदावरच राहतो.

सूचना दिल्यानंतर पाठपुरावा कसा करावा, याची एक सोय पुण्यात अनेक वर्षे आहे आणि ती फार थोडे लोक वापरतात. दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत महापालिकेच्या कार्यालयात अभिलेख पाहता येतात, आणि त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज आधी करावा लागत नाही. आपल्या कामाचे पूर्वगणनपत्रक झाले का, ते प्रभाग समितीपुढे गेले का, नाकारले असल्यास शेरा काय आहे, हे तेथे स्वतः वाचता येते. लेखी उत्तर हवे असल्यास माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज करावा. त्याचे शुल्क १० रुपये आहे, ते कोर्ट फी स्टँप लावूनही भरता येते, आणि दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना ते माफ आहे. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवावा. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. तक्रारी ऐकण्यासाठी शासकीय कार्यालयांत भरणाऱ्या लोकशाही दिनात मात्र निवेदन वैयक्तिक स्वरूपाचे असावे लागते, म्हणून साऱ्या गल्लीच्या पदपथाचा प्रश्न तेथे नेल्यास तो परत येण्याची शक्यता अधिक.

अंदाजपत्रक मंजूर झाले की त्यातील सहभागी कामांच्या यादीत आपले काम शोधावे आणि त्याच्यापुढची तरतूद व नाव टिपून ठेवावे. कामाच्या नावात गल्लीचे नाव नसेल, नुसते 'प्रभागात पदपथ दुरुस्ती करणे' असे असेल, तर लगेच क्षेत्रीय कार्यालयाला लेखी कळवावे, नाहीतर तेच पैसे दुसऱ्या गल्लीत खर्च होऊ शकतात. वर्षाच्या मध्यात तरतुदीचे वर्गीकरण होऊन रक्कम अन्य कामाकडे वळते, असेही घडते, म्हणून दिवाळीच्या सुमारास एकदा कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश, निघाला का ते विचारावे. काम सुरू झाल्यावर पुन्हा टेप घेऊन जावे. पदपथावर काँक्रीट पडण्यापूर्वी उताराची लांबी मोजून ती कमी भरली तर दाखवून देता येते. काँक्रीट घट्ट झाल्यावर तोच दोष दुरुस्त करायला पुढच्या वर्षीचा अर्ज लागतो.