तांबड्या रश्श्यानं अल्सर होतो का?

"मिसळीचा कट, तांबडा रस्सा सारखा खाल्ला की जठराला जखम होऊन अल्सर होतो" हा मेसेज कोल्हापुरात कितीतरी वर्षं फिरतोय. पटतो पण, कारण कट जास्त झाला की पोटात आग पडतेच. पण आग वेगळी, जखम वेगळी. मिरचीतलं कॅप्सायसिन गरम कळणाऱ्या नसांना चेतवतं म्हणून जळल्यासारखं वाटतं, त्यानं अल्सर होत नाही.

अल्सर बहुतेक वेळा होतो हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळं, नाहीतर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्यानं, कारण त्यांनी जठराचं आम्लापासून रक्षण करणारं अस्तर कमजोर होतं. आमच्या आईनं पोट दुखतंय म्हणून रस्सा सोडला, पण गुडघ्याची गोळी मेडिकलमधनं आणून चहाबरोबर घेणं चालूच, आणि खरा त्रास तिथंच होता.

खात्री करायची तर श्वासाची किंवा शौचाची टेस्ट असते, लागलं तर दुर्बिणीनं बघतात, जिवाणू निघाला तर साधारण १४ दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स. अल्सर असताना तिखटानं त्रास वाढत असेल तर तेवढ्यापुरतं कमी करा. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.