असममित विमानरचना

विमानाच्या नाकापासून शेपटीपर्यंत मधोमध रेष ओढली, तर तिच्या दोन्ही अंगांना सारखेच काही असावे असा संकेत आहे. तो जाणूनबुजून मोडलेल्या रचनेला असममित विमानरचना म्हणतात. एक पंख लांब व दुसरा आखूड, चालकाची खोली एका बाजूला आणि इंजिन दुसऱ्या बाजूला, हवा घेणारे तोंड एकाच कुशीत, किंवा संपूर्ण पंखच धडावर तिरका, अशी तिची अनेक रूपे आहेत. अशी विमाने थोडीच बनली आणि त्यांतली बहुतेक प्रायोगिकच राहिली. पाहणाऱ्याला ती विक्षिप्त वाटतात, पण ज्यांनी ती आखली ते हौसेने वाकडे चालणारे लोक नव्हते. प्रत्येकापुढे ठरावीक अडचण होती.

सौम्य असममिती मात्र विमानविद्येच्या पहिल्या दिवसापासून आहे. १९०३ सालच्या राइट बंधूंच्या विमानात इंजिन चालकाच्या उजवीकडे होते आणि ते चालकापेक्षा जड होते. म्हणून त्यांनी उजवा पंख डाव्यापेक्षा सुमारे १० सेंटीमीटर लांब ठेवला. दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या माकी सी. २०२ या लढाऊ विमानाचा डावा पंख उजव्यापेक्षा सुमारे २० सेंटीमीटर लांब होता, तो इंजिनाचा पीळ तोलण्यासाठी. कॅनबेरा बॉम्बफेकी विमानाच्या भारतीय वायुसेनेने घेतलेल्या बी(आय) ५८ या प्रकारात वैमानिकाची काचेची घुमटी मध्यावर नसून डावीकडे सरकवलेली होती. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर हल्ला करणारी कॅनबेरा पुण्याहूनच उडाली होती. ती जवळून पाहिलेल्यांना हे डावे डोके आठवत असेल.

तोलाचे गणित

प्रोपेलरच्या विमानात सममिती फक्त दिसण्यापुरती असते. वैमानिकाच्या जागेवरून पाहता प्रोपेलर उजवीकडे फिरत असेल, तर त्याच्या प्रतिक्रियेने विमान डावीकडे कलू पाहते. नाक वर करून चढताना प्रोपेलरची चकती तिरकी होते, मग उजवीकडे खाली येणारे पाते डावीकडच्या वर जाणाऱ्या पात्यापेक्षा जास्त जोर लावते आणि नाक डावीकडे वळते. पिळवटत मागे जाणारा झोत शेपटीच्या उभ्या पाटावर एका बाजूने आदळतो, तोही नाक त्याच दिशेला ढकलतो. वैमानिक उजवा पाय दाबून हे सगळे सावरत असतो. म्हणजे बले मुळात एकांगी, आकार तेवढा दोहोंकडे सारखा. कावड वाहणारा एका टोकाचा भार जड असला की खांदा त्या टोकाकडे सरकवतो. असममित विमान आखणारा आकाराच्या बाबतीत हेच करतो.

दोन इंजिनांच्या विमानात हा प्रश्न जिवावर बेततो. दोन्ही प्रोपेलर उजवीकडे फिरत असतील, तर चढताना उजव्या इंजिनाचा जोर धडापासून आणखी दूर सरकतो. अशा वेळी डावे इंजिन बंद पडले, तर उरलेले उजवे विमानाला जोरात डावीकडे फिरवते. ठरावीक वेगाच्या खाली सुकाणू पूर्ण दाबूनही हे वळण थांबत नाही आणि विमान उलटते. उड्डाणानंतरच्या पहिल्या काही क्षणांत, वेग कमी आणि जमीन जवळ असताना, दोन इंजिनांची छोटी विमाने याच कारणाने पडत आली आहेत. सुरक्षिततेसाठी घेतलेले दुसरे इंजिनच घातक ठरावे, हा या विमानांना लागलेला जुना शाप.

बीव्ही १४१

पूर्णपणे असममित विमानांत सर्वांत प्रसिद्ध आहे ते हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस कंपनीचे बीव्ही १४१. जर्मन हवाई मंत्रालयाला १९३७ मध्ये तीन माणसांचे, एका इंजिनाचे टेहळणी विमान हवे होते. चहूकडचे स्पष्ट दिसणे ही मुख्य अट होती. एक इंजिन म्हटले की ते नाकात बसणार आणि समोरचे अर्धे आभाळ झाकणार. कंपनीचे मुख्य रचनाकार रिचर्ड फोग्ट यांनी इंजिन आणि शेपूट एका लांब नळीत घालून ती मध्यापासून डावीकडे नेली आणि तिन्ही माणसांसाठी काचेची खोली उजवीकडे पंखावर स्वतंत्र बसवली. मधोमध काहीच उरले नाही.

आकृती पाहून वाटते, इंजिन डावीकडे असल्याने हे विमान उजवीकडेच वळत राहील. प्रत्यक्षात डावीकडच्या इंजिनाची उजवीकडे वळवण्याची ओढ आणि प्रोपेलरची डावीकडे वळवण्याची ओढ बऱ्याच अंशी एकमेकींना खाऊन टाकत. प्रतिक्रियेने डावीकडे कलू पाहणाऱ्या विमानाला उजवीकडच्या खोलीचे वजन आवरत असे. २५ फेब्रुवारी १९३८ रोजी ते पहिल्यांदा उडाले आणि नीट उडाले. नंतरच्या ‘बी’ प्रकारात फोग्ट आणखी पुढे गेले. मागे तोंड करून बसलेल्या बंदूकधाऱ्याला आडवी शेपूट मध्ये येत होती, म्हणून तिची उजवी बाजू जवळजवळ कापूनच टाकली. त्या विमानाचे छायाचित्र आजही अर्धवट पुसल्यासारखे दिसते.

विमान हरले ते आकारामुळे नव्हे. पहिल्या प्रकाराचे बीएमडब्ल्यू १३२ इंजिन दुबळे ठरले. जोरदार बीएमडब्ल्यू ८०१ घातलेला ‘बी’ प्रकार जानेवारी १९४१ मध्ये उडाला, तोवर प्रतिस्पर्धी फॉके-वुल्फ एफडब्ल्यू १८९ चे उत्पादन चालू झाले होते. शिवाय ते इंजिन एफडब्ल्यू १९० या लढाऊ विमानासाठी हवे होते. गंमत अशी की एका इंजिनाची मागणी असताना स्वीकारले गेलेले एफडब्ल्यू १८९ दोन इंजिनांचे होते. बीव्ही १४१ ची तीसही विमाने बनली नाहीत आणि त्यांतले एकही आज शिल्लक नाही.

रुटान यांचे प्रयोग

कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात काम करणारे बर्ट रुटान यांनी या कल्पनेत पुन्हा जीव ओतला. त्यांच्या स्केल्ड कॉम्पोझिट्स कंपनीचे एरिस हे जेट विमान १९९० मध्ये उडाले. जमिनीवरच्या सैन्याला मदत करणारे हलके, स्वस्त विमान ही कल्पना. अशा विमानात तोफ डागली की तिचा धूर इंजिनात शिरतो आणि इंजिन गुदमरते. रुटान यांनी २५ मिलिमीटरची तोफ उजव्या कुशीत बसवली आणि हवा घेणारे तोंड फक्त डावीकडे ठेवले. तोफ मध्यावर नसल्यामुळे तिच्या धक्क्याने नाक उजवीकडे वळायला हवे होते. पण तोफेच्या तोंडाजवळ धडाला खोलगट आकार दिला होता, त्यामुळे बाहेर पडणारा वायू धडावर दाब देऊन नाक परत ढकलत असे. नको असलेल्या वायूलाच कामाला लावणे, ही रुटान यांच्या कामाची खूण.

बूमरँग (१९९६) हे त्यांचे त्याहून परिपक्व काम, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या सगळ्या घराण्यातले सर्वांत शहाणे विमान. दोन इंजिनांच्या विमानाचा वर सांगितलेला शाप हा त्याचा विषय. प्रवाशांचे धड उजवीकडे आणि त्याच्या नाकात एक इंजिन. डावीकडे बारीक धड, त्यावर दुसरे इंजिन, पण बरेच मागे. त्यामुळे दोन्ही प्रोपेलर नेहमीपेक्षा एकमेकांच्या जवळ आले आणि दोन्हींचा जोर गुरुत्वमध्याच्या आसपास राहिला. उजव्या इंजिनाची शक्ती २१० अश्वशक्ती, डाव्याची २००. पुढे झुकलेल्या पंखांपैकी उजवा डाव्यापेक्षा जवळपास दीड मीटर आखूड. यांपैकी एकही गोष्ट दुसरीविना चालत नाही. एक इंजिन बंद पडले तरी हे विमान हाताबाहेर वळत नाही, आणि तेवढ्यासाठीच ते बांधले होते. असे एकच विमान बनले. २०११ मध्ये ते दुरुस्त होऊन ऑशकॉशच्या हवाई मेळ्यात पुन्हा दिसले.

यानंतरही कारखान्यांनी ही वाट धरली नाही. याची कारणे वायुगतिकीत शोधून सापडत नाहीत. डावा-उजवा वेगळा म्हटले की साचे वेगळे, सुटे भाग वेगळे, चाचण्या दुप्पट. आणि विमान विकत घेणारा माणूस सहसा नव्या विचित्र आकारावर आपला पैसा लावत नाही.

तिरका पंख

असममितीचे दुसरे कुळ वेगासाठी जन्मले. ध्वनीच्या वेगाजवळ सरळ पंखाला होणारा हवेचा रोध झपाट्याने वाढतो आणि मागे झुकलेला पंख तो कमी करतो. पण झुकलेला पंख उतरताना, कमी वेगात, सरळ पंखापेक्षा कमी उपयोगी. दोन्ही पंख मागे फिरवता येतील अशी विमाने बनली, मात्र तशी यंत्रणा जड होते आणि पंख मागे गेले की विमानाला वर धरणाऱ्या उचलीचा मध्यही मागे सरकून तोल बिघडतो. नासाच्या एम्स केंद्रातले रॉबर्ट टी. जोन्स यांनी म्हटले, अखंड पंख धडावर एकाच खिळीवर फिरवा, एक टोक पुढे आणि एक मागे. उचलीचा मध्य जागच्या जागी राहतो आणि पंखाचे आकारमान विमानाच्या लांबीभर पसरल्याने ध्वनीच्या वेगापलीकडचा रोधही घटतो. तिरक्या पंखाचा विचार फोग्ट यांनीही युद्धकाळात केला होता.

या कल्पनेची चाचणी घेणाऱ्या एडी-१ या छोट्या विमानाच्या रचनेत रुटान यांच्या संस्थेचा हात होता. दोन लहान जेट इंजिने, न मिटणारी चाके, फायबरग्लासचे धड. २१ डिसेंबर १९७९ रोजी थॉमस मॅकमर्ट्री यांनी ते प्रथम उडवले. उड्डाण आणि उतरणे सरळ पंखाने, वर गेल्यावर पंख हळूहळू ६० अंशांपर्यंत फिरवायचा. तेव्हा सुमारे १० मीटरचा विस्तार निम्म्यावर येई. १९८२ पर्यंत ७९ उड्डाणे झाली. ४५ अंशांपर्यंत विमान गुणी होते. त्यापुढे नाक वर ओढले की ते बाजूलाही कले, कारण पुढचे आणि मागचे टोक वाकताना सारखे वागत नव्हते. वैमानिकाला एका हालचालीची दोन उत्तरे मिळत. ताठर पंख आणि संगणकीय नियंत्रण असते तर हा दोष बराच निवला असता, असे अभियंत्यांचे मत होते.

एडी-१ चा वेग मात्र ताशी ३०० किलोमीटरच्याही आत होता, त्यामुळे ध्वनीच्या वेगाजवळचा मूळ दावा हवेत तपासला गेलाच नाही. एफ-८ लढाऊ विमानावर तिरका पंख बसवून तो तपासण्याचा बेत १९८७ मध्ये रद्द झाला. २००६ मध्ये अमेरिकी संरक्षण संशोधन संस्था डार्पाने नॉर्थरॉप ग्रमनला वैमानिकविरहित, शेपूट नसलेल्या तिरक्या पंखाच्या विमानाचे काम दिले, तेही २००८ मध्ये थांबले. एडी-१ आज कॅलिफोर्नियातल्या सॅन कार्लोस येथील हिलर संग्रहालयात आहे.