पार्श्वभूमी : कमी दिसणाऱ्यांना आणि नवख्यांना झेपेल असं इंटरनेट

सातबारा, पिकाची नोंद, गणपतीसाठी रेल्वेचं तिकीट, पेन्शनरचा हयातीचा दाखला, विजेचं बिल. गेल्या वीसेक वर्षांत ही सगळी कामं कागदावरून मोबाइलवर आली. कोकणात तो मोबाइल ज्याच्या हातात असतो, त्या माणसाने बऱ्याचदा साठी ओलांडलेली असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात वाढायच्या ऐवजी घटली. कमावती माणसं मुंबई-पुण्याला, घरी आईवडील नाहीतर एकटी आजी. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त स्त्रिया निघाल्या, त्यामागेही हेच स्थलांतर आहे. चाळिशीत जवळचं वाचायला चष्मा लागतो, पुढे मोतीबिंदू येतो, कुणाचं मधुमेहाने दृष्टिपटल खराब होतं. त्यात इंटरनेट पहिल्यांदाच वापरायचं. म्हणून ते वाचता येईल आणि समजेल असं असणं ही इथे चैन नाही, रोजची गरज आहे.

ही गरज ओळखून काम सुरू झालं ते अंध माणसांपासून. अमेरिकेत टेड हेंटर यांची दृष्टी १९७८ मध्ये मोटार अपघातात गेली. पुढे त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये 'जॉज' हा स्क्रीन रीडर बाजारात आणला. पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारा हा प्रोग्रॅम आधी डॉसवर चालायचा, नंतर विंडोजवर आला. तो महाग होता आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्याला तर परवडण्याच्या पलीकडचा. ही कोंडी फोडली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी. करन यांनी २००६ मध्ये 'एनव्हीडीए' हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला, टेह लवकरच त्यात आले, आणि तो त्यांनी सगळ्यांना फुकट दिला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सगळ्यात मोलाचं पाऊल आहे, कारण त्यानंतर स्क्रीन रीडर मिळणं खिशावर अवलंबून राहिलं नाही. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये २००३ पासून अंध विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र केंद्र चालतं. गावाकडून शिकायला येणाऱ्या मुलांना संगणकाची अशी वाट बहुतेक वेळा मुंबईतच सापडायची.

वेबसाइट कशा असाव्यात याचे नियम वेगळ्या दिशेने आले. वेबचे मापदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९७ मध्ये सुगम्यतेसाठी, म्हणजे अपंगांनाही वेब वापरता यावं यासाठी, वेगळा उपक्रम सुरू केला आणि १९९९ मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली. दुसरी मोठी आवृत्ती २००८ ची. तिच्यातला एक आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो: अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक इतका फरक हवा. हा आकडा हवेतून आलेला नाही. साधारण ऐंशीच्या वयाला नजर ६/१२ च्या आसपास आलेली असते (निरोगी डोळ्याला बारा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून दिसतं) आणि गडद-फिकट यातला फरक ओळखण्याची ताकदही त्याबरोबर कमी होते. ती तूट भरून निघावी म्हणून हे प्रमाण धरलं. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनी ऐंशी वर्षांचा वाचक डोळ्यांसमोर ठेवला होता. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं वापरणारी ॲप त्या वाचकाला सरळ बाहेर ठेवतात. जेटीवर भर दुपारी फोन बघणाऱ्या तरुण खलाशालाही ती अक्षरं दिसत नाहीत, ते वेगळंच.

मराठीत मात्र अडचण रंगाच्या आणि आकाराच्याही आधी सुरू झाली होती. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा पडद्यावर मराठी दाखवायचा एकच मार्ग लोकांना ठाऊक होता, तो म्हणजे फॉन्ट. शिवाजी, कृतीदेव, श्रीलिपी, आकृती. यातल्या बऱ्याच फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरंच साठवलेली असत, फक्त त्यांचं चित्र देवनागरीचं असे. ज्याच्या मशीनवर तो फॉन्ट नाही त्याला पानभर निरर्थक चिन्हं दिसत. वर्तमानपत्राची साइट उघडायची तर आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यायचा, तो योग्य फोल्डरमध्ये टाकायचा. नवख्या माणसाची पहिली पायरीच इतकी उंच होती. अंध वाचकाचे हाल त्याहून जास्त, कारण स्क्रीन रीडर चित्र वाचत नाही, साठवलेलं अक्षर वाचतो. त्याला बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ ऐकू यायचा. पान डोळस माणसाला सुबक दिसत असे आणि अंध माणसाला त्यातला एक शब्दही मिळत नसे.

खरं तर उपाय तयार होता. भारतीय लिप्यांतली अक्षरं संगणकात कोणत्या संकेताने साठवायची याचं 'इस्की' हे प्रमाण १९९१ मध्ये ठरलेलं होतं, पुण्याच्या सीडॅकचं त्यामागे मोठं काम होतं. त्याच वर्षी युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या प्रमाणाची, पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. पण ती सामान्य संगणकावर नीट दिसायला विंडोज २००० उजाडावं लागलं. त्याच्याबरोबर आलेला मंगल हा फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला. त्यानंतरही छापखाने, सरकारी कार्यालयं आणि वर्तमानपत्रं कितीतरी वर्षं जुन्याच फॉन्टवर राहिली, कारण टंकलेखकांचा हात त्यावर बसला होता. १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया युनिकोडमध्ये होता, आणि स्क्रीन रीडरला वाचता येईल असा मराठी मजकूर मोठ्या प्रमाणात तयार होण्याच्या कामात त्याचा वाटा मोठा आहे. स्क्रीन रीडरचा आवाज कृत्रिम होता, शब्द तुटक यायचे, पण मराठी ऐकू येत होतं.

देवनागरीची आणखी एक अडचण आहे, आणि परदेशात बसून आराखडा करणाऱ्याला ती सहसा सुचत नाही. आपलं अक्षर वर-खाली पसरतं. रफार, वेलांटी, अनुस्वार शिरोरेघेच्या वर, उकार आणि ऋकार खाली. इंग्रजीसाठी ठरवलेल्या आकारात आणि ओळींच्या अंतरात मराठी बसवली की अनुस्वार टिंबाएवढा होतो, खालचा उकार कापला जातो. कमी दिसणाऱ्याने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठं केलं तर अनेक ॲपमध्ये बटणावरचा शब्द अर्धाच उरतो. 'रद्द करा' आणि 'पुढे जा' यांतलं नेमकं काय दाबतोय हे कळत नसेल, तर पैशाच्या व्यवहारात माणूस घाबरणारच.

आता कोकणातल्या गावांकडे. ही अडचण आपण सोडवली कशी, तर बऱ्याच अंशी मधे माणूस बसवून. त्याची सुरुवात घाटापलीकडची. १९९८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात वारणेला सहकारी कारखान्याच्या परिसरातली गावं संगणकाने जोडायचा प्रकल्प झाला. केंद्रात एक चालक असायचा, शेतकरी त्याला विचारायचा. त्याच सुमारास बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी 'सिम्प्युटर' बनवला, भारतीय भाषांत बोलून दाखवणारा हातातला स्वस्त संगणक. कल्पना काळाच्या पुढची होती, खप झाला नाही. टिकला तो चालकाचा मार्ग. सेतू, महा ई-सेवा केंद्र, ग्रामपंचायतीतलं संग्राम केंद्र, आजचं आपले सरकार सेवा केंद्र. तालुक्याच्या ठिकाणी एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातही हेच काम चालतं.

या केंद्रचालकांबद्दल मला आदरच आहे. त्यांच्यामुळे हजारो दाखले निघाले. पण मधे माणूस बसवल्याची किंमत कमी दिसणारा माणूस मोजतो. त्याचा आधार क्रमांक, बँकेकडून फोनवर आलेला ओटीपी, पेन्शनची रक्कम, जमिनीतला हिस्सा, हे सगळं दुसऱ्याच्या कानावर जातं. आणि केंद्र आहे म्हटल्यावर साइट सोपी करायचा दबावच राहत नाही. प्रशिक्षणाची योजना आली तीही अशीच अर्धवट पोचली. २०१७ मध्ये सुरू झालेलं प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान घरटी एका माणसासाठी होतं आणि वयाची अट होती १४ ते ६० वर्षं. ज्या घरात पासष्टीचे आजोबा आणि साठीपार आजी दोघंच राहतात, त्या घरातून कुणीच पात्र नव्हतं. कोकणात अशी घरं वाडीवाडीत आहेत.

त्यानंतर कामं वाढतच गेली. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ मध्ये आला, तो खरोखर सोयीचा झाला. तलाठ्याकडे हेलपाटे वाचले, मुंबईतल्या मुलालाही घरबसल्या उतारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून ॲपवर पीक नोंदवायचं, फोटो काढायचा. ॲप मराठीत आहे, ही चांगली बाजू. पण इथली जमीन उताराची, तुकड्यातुकड्यांची, सातबाऱ्यावर नावं पाच-दहा. आंबा-काजूच्या बागेत कातळावर उन्हात उभं राहून, रेंज शोधत, गट क्रमांक निवडायचा आणि फोटो घ्यायचा, हे सत्तरीच्या बागायतदाराला कसं जमावं? पुढे मदतीसाठी गावपातळीवर सहाय्यक द्यावे लागले.

याच किनाऱ्यावर एक उदाहरण मात्र धडा घेण्यासारखं आहे. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्याचं प्रमाण पाहून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे ते सांगते. मूळ माहिती किचकट नकाशांची. पण मच्छीमारापर्यंत जाताना ती अगदी थोडक्यात जाते: अमुक बंदरापासून कोणत्या दिशेला, किती किलोमीटरवर, किती खोलीवर. तेही त्याच्या भाषेत. काही बंदरांवर तिच्यासाठी मोठ्या अक्षरांचे विजेचे फलक लावले, नंतर ती मोबाइलवर संदेशाने जाऊ लागली. आभाळ भरलं की उपग्रहाला दिसत नाही, त्या दिवशी सल्ला येत नाही, हेही आता मच्छीमारांना ठाऊक झालं आहे. लागणाऱ्या चार गोष्टी ठरवून बाकीचं सगळं गाळायचं, हे काम आधी कुणीतरी बसून केलं होतं म्हणून ते सोपं झालं.

फोनमध्ये मोठा बदल आला तो आवाजाने. २००९ मध्ये आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आला, म्हणजे स्क्रीन रीडर वेगळा विकत घ्यायची गरज संपली. २०१३ मध्ये व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवायची सोय झाली. २०१६ मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलने मराठी बोलून टाइप करण्याची सोय दिली. ज्या आजीला कीबोर्डवर जोडाक्षर सापडत नव्हतं, ती माइकचं चिन्ह दाबून मुंबईच्या नातवाशी बोलू लागली. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये नोट ओळखून बोलून सांगणारं 'मनी' ॲप काढलं, ते रेंज नसतानाही चालतं. २०२२ मध्ये साध्या बटणांच्या फोनवरून यूपीआयचे पैसे पाठवायची सोय आली. यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा फायदा डोळस नवख्यालाही झाला.

कायद्याची गाडी हळू चालली. सरकारी साइटसाठी मार्गदर्शक सूचना २००९ मध्ये निघाल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती-तंत्रज्ञान सुगम असण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. पण नियमांत जे होतं ते शिफारशीच्या स्वरूपाचं. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात नेमकं यावर बोट ठेवलं आणि बंधनकारक मानकं करायला सांगितलं. पाठोपाठ ३० एप्रिल २०२५ चा निकाल आला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींनी आणि अंध वकिलाने याचिका केल्या होत्या: बँकेच्या ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवताना, कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात, ती त्यांनी कशी करायची? न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. ग्रामीण भागातली माणसं, ज्येष्ठ नागरिक आणि भाषेमुळे अडणारे लोक यांचाही उल्लेख निकालात आहे. नवखा आणि कमी दिसणारा यांना एकाच हक्काखाली आणणारा म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो.

डब्ल्यूथ्रीसीची ऑक्टोबर २०२३ ची आवृत्ती तर आपल्या रोजच्या तक्रारी ऐकून लिहिल्यासारखी आहे. एकदा भरलेली माहिती त्याच अर्जात पुन्हा भरायला लावू नका. लॉग-इन करताना पासवर्ड पाठ असण्यावर किंवा वेडीवाकडी अक्षरं ओळखण्यावर माणसाला अडवू नका, पासवर्ड चिकटवू द्या. बटणं बोट बसेल एवढी ठेवा. मदतीची जागा प्रत्येक पानावर एकाच ठिकाणी असू द्या. यातलं काहीच महागडं नाही. ग्रामपंचायतीची सूचना स्कॅन करून चित्र म्हणून व्हॉट्सॲपच्या गटावर टाकण्याऐवजी युनिकोडमध्ये टाइप करून टाकायलाही काही खर्च येत नाही. तशी टाकली तर ती अक्षरं मोठी करून वाचता येते आणि टॉकबॅकला मोठ्याने वाचून दाखवता येते. स्कॅन केलेल्या चित्रात या दोन्ही गोष्टी होत नाहीत, आणि वादळाच्या इशाऱ्याची सूचना आजही बऱ्याचदा तशाच चित्रातून येते.